कागदाखाली झाकलेले उत्तर

१)
एकोणिसाव्या शतकाचा मध्य. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहर. उन्हाळ्याच्या लांबलचक दिवसांत एक ज्यू मुलगी पुस्तकांचा ढीग पुढ्यात घेऊन बसे. तिच्याकडे सोपवलेले काम वाचनाचे नव्हते, झाकण्याचे होते. पाने उलटायची, नेमके उत्तर शोधायचे आणि त्यावर कागदाचा तुकडा चिकटवून ते दिसेनासे करायचे. पुस्तके होती बायबलमधील कथांची, लहान मुलांसाठी छापलेली, सचित्र. आणि ती ज्या वर्गात वापरली जाणार होती, तो वर्ग होता ज्यू मुलांच्या धर्मशिक्षणाचा.

२)
स्वतःच्याच धर्माच्या वर्गातील पुस्तकावर कागद चिकटवण्याची वेळ एखाद्या समाजावर का यावी? हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. त्याचा माग घेत गेले की आपली मुले आपली राहावीत म्हणून धडपडणारा एक लहानसा समाज, परक्यांच्या छापखान्यावर अवलंबून असलेली त्याची शाळा आणि शिक्षिका म्हणून प्रथमच पुढे आलेल्या स्त्रिया असा मोठा इतिहास समोर येतो. याच प्रश्नाचे दुसरे रूप त्याच दशकात मुंबईत, मराठी भाषेत उभे राहिले होते. त्याकडे शेवटी वळू. आधी थोडी पार्श्वभूमी.

३)
ज्यू परंपरेत मुलांना शिकवणे ही केवळ व्यवहाराची गरज नाही, ते धार्मिक कर्तव्य आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात यहोशुआ बेन गमला या प्रमुख याजकाने गावोगावी शिक्षक नेमण्याची आणि सहा-सात वर्षांच्या मुलांना त्यांच्याकडे बसवण्याची व्यवस्था घालून दिली, असे तालमूद सांगतो. वर्ग किती मोठा असावा याचाही विचार तेथे आहे. एका शिक्षकाकडे २५ मुले, ४० झाली तर हाताखाली मदतनीस आणि ५० झाली तर दुसरा शिक्षक. पटसंख्या आणि शिक्षकसंख्या यांच्या प्रमाणाची ही चर्चा जवळजवळ दीड हजार वर्षांपूर्वी ग्रंथबद्ध झालेली आहे.

४)
मध्ययुगात जर्मनी आणि उत्तर फ्रान्समधील ज्यू वस्त्यांमध्ये विद्यारंभाचा एक गोड विधी होता. शावुओत हा सण तोरा मिळाल्याची आठवण जपणारा. त्या दिवशी लहान मुलाला वस्त्रात गुंडाळून गुरूकडे नेत आणि त्याच्या मांडीवर बसवत. समोर हिब्रू मुळाक्षरांची पाटी असे. गुरू अक्षरे उच्चारी, मूल ती पुन्हा म्हणे. मग पाटीवर मध लावून ते मुलाला चाटायला देत. धर्मवचने लिहिलेली पोळी आणि उकडलेले अंडेही त्याला खाऊ घालत. आपल्याकडे तांदळात बोट धरून ‘श्रीगणेशा’ गिरवून घेतात. तेथे पहिले अक्षर जिभेवरून आत जाई.

५)
पुढे पूर्व युरोपात ‘खेडर’ ही शाळा रूढ झाली. ‘मेलामेद’ म्हणजे शिक्षक, बहुधा त्याच्याच घरातील खोली, बाकांवर दाटीने बसलेली मुले आणि मोठ्या आवाजातील घोकंपट्टी. आधी मुळाक्षरे, मग प्रार्थनापुस्तक, मग तोरा. हिब्रू शब्द म्हणायचा आणि लगेच त्याचा यिडिश अर्थ सुरात म्हणायचा. भाषांतर हाच पाठ असे. ही दुनिया प्रामुख्याने मुलग्यांची आणि पुरुष शिक्षकांची होती. मुलींचे धर्मशिक्षण बहुतांशी घरात, आईच्या हाताखाली आणि यिडिश पुस्तकांतून होत असे. अपवाद होते, पण ते अपवादच.

६)
अटलांटिक ओलांडताच हे सारे विरळ झाले. १८४० च्या सुमारास संपूर्ण अमेरिकेत ज्यूंची संख्या अंदाजे १५ हजार होती. रीतसर दीक्षा घेतलेला पहिला रब्बी, अब्राहम राइस, त्या देशात पोहोचला तोच मुळी १८४० साली. तोवर सिनेगॉगचा कारभार ‘हझ्झान’, म्हणजे प्रार्थना चालवणारा, पाहत असे. मेलामेद नाहीत, खेडर नाही, घरात बोलली जाणारी भाषा इंग्रजी. आजोबांना जे पाठ होते ते नातवाला ऐकूनही ठाऊक नाही, अशी स्थिती झपाट्याने येत होती.

७)
त्यातच आजूबाजूचे जग उदासीन नव्हते. पेनसिल्व्हेनिया राज्यात १८३४ च्या कायद्याने मोफत सार्वजनिक शाळांची व्यवस्था सुरू झाली. या शाळा नावाला सर्वांच्या होत्या, वातावरण मात्र प्रोटेस्टंट. वर्गात किंग जेम्स बायबलचे वाचन होई. हा प्रश्न किती स्फोटक होता हे १८४४ साली दिसले. शाळेत कोणते बायबल वाचावे या वादाचे पर्यवसान फिलाडेल्फियात कॅथलिकविरोधी दंगलींत झाले, चर्च जाळली गेली, माणसे मारली गेली. शिवाय ज्यूंच्या धर्मांतरासाठी झटणारी एक संस्था न्यूयॉर्कमध्ये १८२० पासूनच कार्यरत होती.

८)
या परिस्थितीत पुढे आल्या रिबेका ग्रॅट्झ. जन्म ४ मार्च १७८१, फिलाडेल्फियातील सधन व्यापारी कुटुंबात. त्या आजन्म अविवाहित राहिल्या. बहीण रेचल १८२३ साली वारली, तेव्हा तिची मुले त्यांनीच वाढवली. वयाच्या विशीतच, १८०१ साली, शहरातील गरजू स्त्रिया व मुलांसाठी स्थापन झालेल्या संस्थेच्या त्या संस्थापकांपैकी एक होत्या. पुढे शहराच्या अनाथालयाचे चिटणीसपद त्यांनी ४० वर्षे सांभाळले. या कामांत ख्रिस्ती स्त्रिया त्यांच्या सहकारी होत्या, मैत्रिणी होत्या.

९)
म्हणूनच त्यांना एक गोष्ट आतून दिसली. परोपकाराबरोबर धर्मप्रचारही घरात येतो. अन्न देणारा हात पुष्कळदा पुस्तकही देतो. गरीब ज्यू कुटुंबांना मदतीसाठी परक्या दाराशी जावे लागू नये, म्हणून १८१९ साली त्यांनी आणि त्यांच्या सिनेगॉगमधील इतर स्त्रियांनी स्वतंत्र हिब्रू महिला साहाय्यक संस्था काढली. पण भाकरीचा प्रश्न सुटला तरी पुस्तकाचा उरलाच होता. मुलांना आपल्या धर्माविषयी कोणी विचारले तर ती काय उत्तर देणार?

१०)
४ मार्च १८३८. वार रविवार, आणि रिबेका ग्रॅट्झ यांचा ५७ वा वाढदिवस. त्या दिवशी ‘हिब्रू संडे स्कूल’ सुरू झाले. विद्यार्थी सुमारे पन्नास-साठ, मुले आणि मुली एकत्र. शुल्क नाही. वार रविवारचा का? ज्यूंचा विश्रामवार शनिवार, त्या दिवशी लिहिण्यासही मनाई. रविवारी मात्र शाळा आणि दुकाने बंद, म्हणून मुले मोकळी. ख्रिस्ती शेजाऱ्यांची मुलेही त्याच दिवशी आपापल्या रविवारच्या शाळेत जात. वेळापत्रक शेजाऱ्यांचे होते, शाळेची कल्पनाही शेजाऱ्यांची होती. त्या साच्यात आपले काही ओतायचे होते.

११)
वर्ग कसा चाले? ग्रॅट्झ यांच्या नात्यातील रोझा मोर्देकाय यांनी उतारवयात त्याच्या आठवणी लिहून ठेवल्या. मोठे दालन, पुढे मेज, त्यावर वापरून झिजलेले बायबल आणि एक घंटा. साध्या काळ्या पोशाखातील ग्रॅट्झ येत, शाळा स्थिर होई. त्यांनी स्वतः रचलेली प्रार्थना त्या एकेक ओळ म्हणत आणि सारी मुले ती मागोमाग म्हणत. मग बायबलमधील उतारा स्वच्छ, ठाम आवाजात वाचला जाई. त्यानंतर लहान-मोठ्या गटांत पाठ सुरू होत आणि प्रत्येक गटापुढे एक तरुण शिक्षिका असे.

१२)
मुलांचे काम मुख्यतः तोंडी होते. शिक्षिकेने प्रश्न विचारायचा, मुलाने ठरलेले उत्तर द्यायचे. अगदी लहानांसाठी तर प्रश्न आणि उत्तर दोन्ही यमकात बांधलेली असत, म्हणजे ती गाण्यासारखी तोंडात बसत. मोठी मुले बायबलमधील व्यक्ती आणि घटना यांवरील प्रश्नांना सामोरी जात. वर्षातून एकदा मिकवे इस्राएल सिनेगॉगमध्ये आईवडिलांसमोर जाहीर परीक्षा होई, बक्षिसे वाटली जात. निघताना प्रत्येक मुलाच्या हातात एक संत्रे आणि एक प्रेट्झेल, म्हणजे पिळाचे खारे बिस्कीट. मध्ययुगातला मध नव्हता, पण शिकणे आणि गोडधोड यांचे नाते टिकून होते.

१३)
आणि येथेच पुस्तकाची अडचण उभी राहिली. इंग्रजीत, मुलांना पेलेल अशा भाषेत लिहिलेले ज्यू धर्मशिक्षणाचे पाठ्यपुस्तक जवळजवळ नव्हतेच. उलट ‘अमेरिकन संडे स्कूल युनियन’ ही प्रोटेस्टंट संस्था १८२४ पासून त्याच शहरातून स्वस्त, सचित्र, नेटकी पुस्तके छापत होती. अब्राहाम, मोशे, दावीद यांच्या कथा तर दोन्ही धर्मांच्या सामाईक. मग तीच पुस्तके घ्यावीत, हा व्यवहारी मार्ग होता. ग्रॅट्झ यांच्या शाळेने तो पत्करला.

१४)
पण कथा सामाईक असली तरी तिचा अर्थ सामाईक नव्हता. ज्यूंच्या धर्मग्रंथातील संदेष्ट्यांची वचने ख्रिस्ती वाचक येशूच्या आगमनाची पूर्वसूचना म्हणून वाचतो. ज्यू वाचक तसे वाचत नाही. प्रश्न निर्धोक असे, उत्तर मात्र मुलाला हळूच दुसऱ्या धर्माच्या दारात नेऊन सोडी. म्हणून उपाय एकच, त्या उत्तरावर कागद चिकटवणे. आरंभी दिसलेली मुलगी म्हणजे याच रोझा मोर्देकाय. ते काम आपण अनेक उन्हाळी दिवस केले, असे त्यांनी नमूद केले आहे.

१५)
त्यांनी पुढे जे सांगितले आहे ते अधिक मोलाचे. कागद चिकटवला की मुलांचे लक्ष नेमके तेथेच जाई! वरून, खालून, कागदाच्या आरपार पाहून झाकलेल्या ओळी वाचण्याचा ती आटोकाट प्रयत्न करत. यश येत नसे, पण प्रयत्न थांबत नसे. अभ्यासक्रमात नसलेला हा वर्गातील सर्वांत उत्साही उपक्रम. मोठ्यांनी जे लपवले त्याविषयीचे कुतूहल कोणत्याही धर्माच्या मुलात सारखेच असते. आणि त्या कोऱ्या तुकड्याने, कोणी न शिकवता, एक गोष्ट मुलांना शिकवली: या पुस्तकात आपल्यासाठी नसलेले काहीतरी आहे, आपण वेगळे आहोत.

१६)
कागद चिकटवणे ही तात्पुरती सोय होती, हे शिक्षिकांना कळत होते. लवकरच स्वतःची पुस्तके येऊ लागली. मिकवे इस्राएलचे हझ्झान आयझॅक लीसर यांनी १८३८ साली हिब्रू वाचनाचे पहिले पुस्तक आणि १८३९ साली मुलांसाठी प्रश्नोत्तरी प्रसिद्ध केली. त्यांनी १८३५ साली ज्यू मुलांसाठी रोजची शाळा काढून पाहिली होती, पण ती चालली नाही. रविवारच्या शाळेत मात्र त्यांच्या लेखणीला वाचक मिळाले. पुढे १८५३ साली त्यांनी संपूर्ण हिब्रू बायबलचे इंग्रजी भाषांतर छापले आणि इंग्रजी बोलणाऱ्या ज्यू घरांना उसने बायबल वापरण्याची गरज उरली नाही.

१७)
त्याहून लक्षणीय म्हणजे शाळेतील दोन शिक्षिका. सिम्हा पेशोटो आणि रेचल पेशोटो पाइक या बहिणींनी १८४० च्या आसपास स्वतः मुलांसाठी धर्मग्रंथविषयक प्रश्नोत्तरीची पुस्तके लिहिली. ज्या परंपरेत ग्रंथाध्ययन हे पुरुषांचे क्षेत्र मानले जाई, तेथे स्त्रिया केवळ शिकवतच नव्हत्या, काय शिकवायचे हेही ठरवू लागल्या होत्या. शाळेची अधीक्षक स्त्री, शिक्षिका स्त्रिया, आणि शिकून मोठ्या झालेल्या मुली पुन्हा त्याच वर्गात शिक्षिका. खेडरच्या जगात याची कल्पनाही कठीण होती.

१८)
नमुना पसरला. त्याच वर्षी, १८३८ मध्ये, दक्षिणेतील चार्ल्स्टन येथे सॅली लोपेझ यांनी तशीच शाळा उघडली. ग्रॅट्झ त्यांना सल्ला आणि पाठ्यसाहित्य पाठवत. पुढे इतर शहरांतही हा प्रयोग झाला. आज अमेरिकेत असंख्य सिनेगॉगांमध्ये रविवारी मुलांचे धर्मवर्ग भरतात. चित्रे रंगवणे, सणांची गाणी, मुळाक्षरांचे खेळ असे त्यांचे रूप बदलले असले तरी त्यांच्या वंशावळीच्या मुळाशी हा वर्ग आहे.

१९)
या यशाला मर्यादा होत्या, त्याही नोंदवायला हव्यात. नाव ‘हिब्रू’ शाळा असले तरी शिक्षण मुख्यतः इंग्रजीत होते आणि हिब्रू फारच थोडी. आठवड्यातून एकदाच, तेही काही तास. खेडरमधील मूल पोथी वाचून अर्थ लावायला शिके, येथील मूल ठरलेली उत्तरे शिके. शिवाय ही पाठांतराची प्रश्नोत्तरीच मुळात ख्रिस्ती शिक्षणपद्धतीतून आलेली. मार्टिन ल्यूथरची छोटी प्रश्नोत्तरी १५२९ सालची. म्हणजे मजकूर आपला झाला तरी साचा उसनाच होता. कागद काही ओळींवर चिकटवता आला, पद्धतीवर नाही.

२०)
आता मुंबई. कोकणातील बेने इस्राएल हा मराठी बोलणारा ज्यू समाज. तेल गाळण्याचा व्यवसाय आणि शनिवारी काम बंद, म्हणून शेजारी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. सुंता, आहाराचे नियम, शनिवारची विश्रांती आणि ‘शेमा’ ही प्रार्थना त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपली होती, पण हिब्रू भाषा आणि ग्रंथ दुरावले होते. अठराव्या शतकात अनेक कुटुंबे मुंबईत आली. १७९६ साली सामुएल इझेकिएल दिवेकर यांनी तेथे पहिले सिनेगॉग बांधले. प्रार्थनेला जागा मिळाली, मात्र मुलांना हिब्रू शिकवायची कशातून, हा प्रश्न होताच.

२१)
त्याचे एक उत्तर पुन्हा ख्रिस्ती मिशनऱ्यांकडूनच आले. अमेरिकन मराठी मिशनच्या शाळांत बेने इस्राएल मुले शिकत आणि त्या समाजातील काही जण तेथे शिक्षकही होते. १८२९ साली मुंबईत आलेले स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ साली हिब्रूचे प्राथमिक व्याकरण मराठीतून प्रसिद्ध केले. फिलाडेल्फियातील शाळा सुरू होण्याच्या सहा वर्षे आधी! दोन शहरांतील या ज्यूंचा परस्परांशी संपर्क नव्हता, पण कोंडी एकच होती. आपल्या पूर्वजांची भाषा आणि कथा मुलांपर्यंत पोहोचवायच्या, आणि त्यासाठीचे पुस्तक अशा माणसाच्या हातून घ्यायचे, ज्याला ती मुले दुसऱ्या धर्मात हवी आहेत.

२२)
येथे काय झाले? बेने इस्राएलांनी विद्या घेतली, धर्म फारसा कोणी बदलला नाही. मिशनरी शाळांमुळे पसरलेली साक्षरता त्यांनी स्वतःच्याच परंपरेकडे परतण्यासाठी वापरली. जोसेफ इझेकिएल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी हिब्रू प्रार्थनापुस्तके मराठीत आणली. हाईम सामुएल केहिमकर यांनी आपल्या भावांसह १८७५ साली मुंबईत इस्रायली मुलांसाठी शाळा काढली. तेथे मराठी आणि इंग्रजीबरोबर हिब्रूला स्थान मिळाले. या शाळेला पुढे सर एली कदूरी यांचे नाव देण्यात आले.

२३)
१८७४ साली पुण्यात मराठी भाषांतरासह एक ‘हागादा’ छापली गेली. वल्हांडण सणाच्या रात्री घराघरांत वाचायचा हा ग्रंथ. तिच्यातील चित्रांत सणाची बेखमिराची भाकरी तयार करणाऱ्या स्त्रिया चक्क लुगड्यात आहेत. येथे कोणतीही ओळ झाकावी लागली नाही. पुस्तक आपले, भाषा आपली, चित्रातली बाईसुद्धा आपल्याच आळीतली.

२४)
हागादातील कथेचे कथन सुरू होते ते प्रश्नांनी, आणि ते प्रश्न विचारतो घरातील सर्वांत लहान मूल. ही रात्र इतर रात्रींहून वेगळी का, हे मुलाने विचारायचे आणि मोठ्यांनी मिसर देशातील गुलामगिरीची व सुटकेची कथा सांगायची. फिलाडेल्फियातील प्रश्नोत्तरीत शिक्षिका विचारी आणि मूल पाठ केलेले उत्तर देई. जुन्या परंपरेत प्रश्नाचा मान मुलाचा होता.

२५)
त्या दृष्टीने पाहिले तर कागदाखाली डोकावणारी ती मुले परंपरेपासून दूर गेलेली नव्हती. येथे काय लपले आहे आणि ते आमच्यापासून का लपवले, हा त्यांचा प्रश्न कोणी शिकवलेला नव्हता. तो त्यांचा स्वतःचा होता.

२६)
रिबेका ग्रॅट्झ यांनी १८६४ पर्यंत, म्हणजे वयाच्या ८३ व्या वर्षापर्यंत, शाळेची धुरा वाहिली. १८६९ साली त्यांचे निधन झाले. त्यांना स्वतःचे अपत्य नव्हते. त्यांच्या वर्गातून शिकून गेलेल्या मुलामुलींच्या पुढच्या पिढ्यांना मात्र आपल्या धर्माची पुस्तके कागद न चिकटवता वाचता आली. समाज टिकतो तो मुलांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून नव्हे. त्यांच्या हाती देता येईल असे स्वतःचे पुस्तक लिहून तो टिकतो. फिलाडेल्फियाला हे कळायला कागदाचे काही तुकडे खर्चावे लागले, मुंबई-पुण्याने ते मराठीत करून दाखवले.